अठरा बाइटांचा आवाज

पुण्यातल्या माझ्या एका मित्राकडे रोलँडचा जुनो-१०६ आहे. १९८४ चं मॉडेल, म्हणजे चाळिशी उलटून गेलेली. त्याच्यासमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा फिल्टरचा स्लायडर पार तळाला होता. माझ्या पुस्तकी ज्ञानानुसार आवाज घोंगडीखाली रेडिओ लावल्यासारखा दबका यायला हवा होता. पट्टी दाबली, तर लखलखीत पितळी आवाज! स्लायडर तसूभर वर सरकवला. वर नेल्यावर आवाज खुलायला हवा, तर तो उलट धपकन बसला. आपल्या हातून काहीतरी मोडलं असं वाटून मी हात मागे घेतला. मित्र चहा गाळत होता. तिथूनच म्हणाला, "त्या स्लायडरांकडे बघू नकोस रे. ते खोटं बोलतात."

जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरवर आवाज कसा घडवतात आणि घडवलेल्या आवाजात फेरफार कसे करतात, हे समजून घ्यायला या खोट्यापासूनच सुरुवात केलेली बरी. कारण एके काळी ही बटणं खोटं बोलूच शकत नसत.

१९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावात रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने आपला पहिला सिंथेसायझर उभा केला. आजच्या की-बोर्डात पियानोचे, सतारीचे मुद्रित आवाज भरलेले असतात. या यंत्रात मुद्रित असं काहीच नव्हतं. होती ती फक्त वीज. एका सर्किटमधून येणारा विजेचा दाब दुसऱ्या सर्किटचं बटण जणू अदृश्य हाताने फिरवू शकतो, ही त्यातली खरी कल्पना. दाब एक व्होल्टने वाढला की सूर बरोबर एक सप्तक चढतो. म्हणजे एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायला एक-बारांश व्होल्ट पुरतो. तोच दाब सुराऐवजी फिल्टरला दिला की आवाजाचा रंग बदलतो, आवाज लहानमोठा करणाऱ्या सर्किटला दिला की जोर बदलतो. हे सगळे घटक एकमेकांना वायरींनी जोडायचे. या जोडण्यांना 'पॅच' म्हणत. वायरी गेल्या तरी शब्द राहिला. आजही सिंथेसायझरवरच्या तयार आवाजाला पॅचच म्हणतात.

कपाटाएवढ्या या यंत्रातले सर्वांत उपयोगी घटक निवडून, त्यांच्या जोडण्या आतच पक्क्या करून १९७० मध्ये मिनीमूग आला. ४४ पट्ट्या, उचलून तिरपं उभं करता येणारं पॅनेल, एका वेळी एकच सूर. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळात तो आणला केर्सी लॉर्ड यांनी. मुंबईला हा एकेरी सुराचा विजेवरचा प्रकार अगदीच नवा नव्हता म्हणा. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. पण क्लॅव्हिओलिनवर ठरावीक कळा दाबून ठरावीक रंग मिळत. मिनीमूगवर रंग स्वतः कालवावा लागे.

तो कसा कालवायचा? मिनीमूगचं पॅनेल डावीकडून उजवीकडे वाचत जावं. डावीकडे तीन ऑसिलेटर, म्हणजे कच्चा आवाज पुरवणारे. प्रत्येकाला लाटेचा आकार निवडता येतो, आणि सप्तक निवडायच्या बटणावर ३२, १६, ८, ४, २ असे आकडे असतात. हे फूट आहेत! चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या नळ्यांची ही लांबी. विजेच्या यंत्रात नळी कुठलीच नाही, पण आकडे ऑर्गनचेच. आपण अजून 'फोन ठेवला' म्हणतो, त्यातला प्रकार.

लाटांचे आकार मात्र नीट ऐकण्यासारखे आहेत. करवतीच्या दातांसारखी जी लाट असते तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा साऱ्या कंपनसंख्या एकत्र नांदतात. दुपटीचा जोर निम्मा, तिपटीचा एक-तृतीयांश, असं उतरत जातं. चौकोनी लाटेत फक्त विषम पटी असतात, त्यामुळे ती पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखी लागते. हे कागदावर कळतं, पण कानाला पटायला एक प्रयोग करावा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, असं गाणारी माणसं सांगतात. तो गंधार म्हणजे त्या तारेच्या कंपनांची पाचपट. करवती लाटेत तो असतोच, फक्त गर्दीत हरवलेला. मिनीमूगवर एकच ऑसिलेटर चालू ठेवायचा, करवती लाट, खालचा एखादा सूर. फिल्टरचं 'एम्फसिस' नावाचं बटण बरंच वर न्यायचं. आणि मग 'कटऑफ' तळापासून अगदी सावकाश, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या चालीने उघडत न्यायचं. आधी ऐकू येतो नुसता सा. मग वरचा सा. मग पंचम, पुन्हा सा, आणि मग स्वच्छ, एकटा, कुणीतरी शिट्टीवर धरल्यासारखा गंधार. त्याच्या पुढे पंचम, मग कोमल निषादाच्या जरा खालचा एक अनोळखी सूर, आणि पुन्हा सा. जवारीचा दोरा सरकवताना तानपुरा जसा बोलू लागतो त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच की इथे दोऱ्याच्या जागी बटण आहे.

म्हणजे अॅनालॉग सिंथेसायझरवर आवाज घडवणं हे मुख्यतः वजाबाकीचं काम आहे. आधी सगळं आत घ्यायचं, मग नको ते गाळायचं. मूग यांच्या फिल्टरची रचना ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेली होती. तिचं पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळालं. हा फिल्टर भिंतीसारखा नसून उतारासारखा असतो. कटऑफच्या वर एक सप्तक गेलं की लाटेची उंची साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते, आणखी एक सप्तक गेलं की पुन्हा त्याच्या सोळाव्या हिश्श्यावर. एम्फसिस म्हणजे फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडासा पुन्हा आत घालणं. हे प्रमाण फार वाढवलं की फिल्टर स्वतःच शिट्टी मारू लागतो, ऑसिलेटर बंद असले तरी. आणि एक खोडही आहे. एम्फसिस वाढवत गेलं की खालचा भरदार आवाज रोडावतो. जाडजूड खर्ज हवा असेल तर ते बटण जपून वापरावं लागतं.

आता प्रत्यक्ष एक आवाज करून बघू. समजा पितळी, ट्रंपेटच्या घरातला हवा आहे. दोन ऑसिलेटर, दोन्ही आठ फुटी, दोन्ही करवती. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित बेसूर. एक सेकंदाला २२० कंपनं करतोय आणि दुसरा २२१, तर सेकंदाला एकदा आवाज फुगून ओसरतो, आणि एकट्या लाटेचा कोरडेपणा जातो. हे बेसूर करणं दिसतं सोपं, पण सगळी चव त्यात आहे. जरा कमी पडलं तर आवाज पातळ, जरा जास्त झालं तर लग्नाच्या बँडात दोघांचं भांडण.

मग फिल्टर. कटऑफ बराच खाली ठेवायचा, म्हणजे मुळात आवाज दबका. तो उघडण्याचं काम 'एन्व्हलप'कडे द्यायचं. एन्व्हलप म्हणजे पट्टी दाबल्यापासून सोडेपर्यंत काय काय घडावं याचं वेळापत्रक: किती वेळात चढायचं, चढून किती वेळात उतरायचं, उतरून कुठे थांबायचं. देवळातली घंटा क्षणात चढते आणि रेंगाळत विरते, बासरी सावकाश चढते आणि फुंक आहे तोवर टिकते. मिनीमूगवर अशी दोन वेळापत्रकं आहेत, एक जोरासाठी, एक फिल्टरसाठी. पितळी आवाजाचं मर्म या दोघांच्या नात्यात आहे. साठच्या दशकात ज्याँ-क्लोद रिसे यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ट्रंपेटचा आवाज संगणकावर उकलून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की सूर फुंकला जाताना वरच्या पटींची कंपनं खालच्यांच्या मागून येतात. आधी जोर, मग चकाकी. म्हणून मिनीमूगवर जोराचं वेळापत्रक झटपट ठेवायचं आणि फिल्टरचं त्याच्या किंचित मागे. तेवढ्याने 'प्वाँ' असा ओठांचा आकार आवाजाला येतो. फिल्टरचा चढ तात्काळ केला, तर त्याच आवाजाचं टुणकन तोडलेल्या तारेत रूपांतर होतं. बाकी एकही बटण न हलवता.

फेरफाराची खरी शिस्त इथे कळते. नवखा माणूस आवाज 'जरा उजळ' करायला कटऑफ वाढवतो, आणि मग एन्व्हलपला चढायला जागाच उरत नाही, प्वाँ नाहीसा होतो. मुरलेला माणूस कटऑफ उलट खाली घेतो आणि एन्व्हलपचं प्रमाण वाढवतो. बटणं सुटी दिसतात, पण वागतात एकत्र कुटुंबासारखी. एकाला बोललं की दुसऱ्याला लागतं.

जमला आवाज. आता तो ठेवायचा कुठे?

मिनीमूगला स्मरणशक्ती नाही. आवाज म्हणजे बटणांची त्या क्षणाची स्थिती, दुसरं काही नाही. धाकट्या भावाने येऊन दोन बटणं फिरवली की संपला. म्हणून मिनीमूगसोबत पॅनेलचं चित्र छापलेले तक्ते असत. काही भरलेले, काही कोरे. कोऱ्या तक्त्यावर प्रत्येक बटणाचा काटा पेन्सिलीने काढायचा, वर नाव लिहायचं. जुन्या वादकांच्या वह्यांमध्ये असे कागद सापडतात, खाडाखोड केलेले. मला ते स्वरलिपीच्या वह्यांसारखे वाटतात. बंदिश लिहिता येते, पण मींड कशी घ्यायची ते गुरूसमोरच बसून शिकावं लागतं. तसंच इथे कटऑफचा काटा 'साडेतीन'वर दाखवता येतो, पण साडेतीन आणि पावणेचार यांच्या मधल्या ज्या केसभर जागेवर आवाज 'लागला' होता, ती कागदावर येत नाही. शिवाय दोन मिनीमूग शेजारी ठेवले तर एकाचं साडेतीन दुसऱ्याच्या साडेतीनशी जुळेलच असं नाही.

त्यात उष्णता. व्होल्टच्या एका पायरीवर कंपनं दुप्पट करणारं सर्किट ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर चालतं, तो तापमानाप्रमाणे बदलतो. यंत्र चालू करून तापू द्यायचं, मग सुरात लावायचं, आणि तरी रंगमंचावरचे दिवे पेटले की ते हळूहळू सरकणार. मिनीमूगवर यासाठी ४४० कंपनांचा एक पक्का सूर देणारा खटका दिलेला आहे. वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये 'स्विच्ड-ऑन बाख' केली ती मूगच्या मोठ्या यंत्रावर, एका वेळी एकच सूर वाजवत, थरावर थर ध्वनिमुद्रित करून. दर थोड्या वेळाने थांबून यंत्र सुरात आहे का हे तपासत. ती तबकडी ऐकताना बाखच्या आधी मला त्या चिकाटीचं कौतुक वाटतं.

आवाज जपून ठेवण्याचा सर्वांत गमतीदार उपाय यामाहाच्या सीएस-८० मध्ये आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं हे राक्षसी वजनाचं यंत्र. 'ब्लेड रनर'च्या संगीतात व्हँगेलिस यांनी वापरलं ते हेच. त्याच्या पॅनेलवर एक झाकण आहे. ते उघडलं की आत मुख्य पॅनेलच्या चार चिमुकल्या प्रतिकृती, बाहुलीच्या भातुकलीतल्या असाव्यात तशा इवल्या स्लायडरांच्या. मुख्य पॅनेलवर जमलेला आवाज नखाने त्या इवल्या स्लायडरांवर उतरवून ठेवायचा. संगणक नाही, चिप नाही. स्मरणशक्ती म्हणजे आणखी चार पॅनेलं! वेडगळ वाटतं, पण हे स्लायडर खोटं बोलत नाहीत, हे विसरू नये.

खोट्याची सुरुवात झाली १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियात. डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीने प्रॉफेट-५ काढला. एका वेळी पाच सूर, आणि ४० आवाजांची साठवण. आत मायक्रोप्रोसेसर बसवला होता. तो आवाज तयार करत नसे. आवाज अजूनही विजेच्या लाटांचाच. तो फक्त बटणांकडे बघत असे. प्रत्येक बटण कुठे आहे याचा आकडा घ्यायचा, साठवायचा, आणि हवं तेव्हा त्या आकड्याचा पुन्हा व्होल्ट करून सर्किटला द्यायचा. इतक्या सगळ्या सर्किटांना वेगवेगळे रूपांतरक परवडणार नव्हते. मग एकाच रूपांतरकाने सगळीकडे फिरायचं. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यासारखं, झारी एकच. प्रत्येक सर्किटपाशी एक छोटा कपॅसिटर त्या कुंडीतल्या मातीसारखा व्होल्ट धरून ठेवतो. तो पाझरून कमी व्हायच्या आत माळी फेरी मारून परत येतो. सेकंदात कितीतरी फेऱ्या, आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्या क्षणी बटण आणि आवाज यांची फारकत झाली. क्रमांक दाबून सतरावा आवाज बोलावला की आतले आकडे बदलतात, पण बटणं जिथे आहेत तिथेच राहतात, त्यांना फिरवायला मोटर नाही. पॅनेलवर दिसतं ते मागच्या वेळचं, ऐकू येतं ते आत्ताचं. बटणाला हात लावलात की मग यंत्र त्याच्याकडे बघतं आणि आवाज उडी मारून त्या जागेवर जातो. माझ्या हातून झालं ते हेच. साठवलेल्या आवाजात फिल्टर उघडा होता, स्लायडर मात्र तळाशी राहिलेला. मी तो केसभर हलवला तेव्हा यंत्राने प्रथमच त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

यात फायदा उघड आहे. गाण्याच्या मधोमध आवाज बदलता येऊ लागला. तोटा उघड नाही, पण मला तो खरा वाटतो. कारखान्यातून भरून आलेले ४० आवाज चांगलेच होते, आणि चांगले होते म्हणूनच पुष्कळांनी ते तसेच वापरले. कोऱ्या तक्त्यावर पेन्सिल चालवणाऱ्याला निदान प्रत्येक बटणाशी एकदा तरी बोलावं लागे.

जुनो-१०६ पर्यंत ही साठवण किती आटोपशीर झाली बघा. त्याचा एक आवाज म्हणजे अठरा बाइट. सोळा स्लायडरांचे सोळा आकडे, प्रत्येक ० ते १२७ मधला, आणि सगळ्या खटक्यांसाठी मिळून आणखी दोन. यंत्रात १२८ आवाज मावतात, म्हणजे सगळे मिळून २,३०४ बाइट. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या एका फोटोत असे कितीतरी जुनो बसतील. हे आकडे मिडीच्या तारेवरून बाहेर पाठवता येतात. १९८३ मध्ये आलेली ही सामाईक भाषा पुढे आणण्यात डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांचा हात मोठा. जुनोवर स्लायडर हलवला की त्याचा आकडा लगेच तारेवर निघतो, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर खरे आकडे बघत आवाज दुरुस्त करता येतो. पडदा खरं बोलतो, पॅनेल खोटं. संगणक नसणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला कॅसेट रेकॉर्डरची सोय होती. आवाजांचे आकडे चिरचिरत्या सुरात कॅसेटवर उतरायचे, आणि पुन्हा वाजवून आत घ्यायचे.

बटणं शेवटपर्यंत प्रामाणिक राहिलेलं एक यंत्र त्याच काळात होतं. रोलँडचं टीबी-३०३, बास गिटारची जागा घ्यायला केलेली चंदेरी डबी. १९८१ ते १९८४ मध्ये सुमारे दहा हजार निघाली. बास गिटारसारखी ती वाजत नसे, म्हणून चालली नाही. तिच्या स्मरणात सूर राहतात, कुठला सूर ठासून आणि कुठला घसरत जायचा हेही राहतं, पण फिल्टरच्या बटणांची जागा राहत नाही. ती आत्ता जिथे आहेत तिथे. त्यामुळे आवाजातला फेरफार हेच वादन होऊन बसतं. सूर यंत्र वाजवतं, माणूस फक्त कटऑफ उघडतो, मिटतो. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या त्रयीने 'अॅसिड ट्रॅक्स'मध्ये हे केलं आणि त्यातून नाचाच्या संगीताची अॅसिड हाउस ही शाखा निघाली.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेला हा वादक. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी त्या वेळी फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक कान टवकारून ऐकू लागले. २०१५ मध्ये सिंग मुंबईत वारले. त्यांनी अॅसिड हाउस 'शोधलं' असं म्हणण्यात मला रस नाही, शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकलेली नव्हती. मला रस आहे तो ३०३च्या घसरत्या सुरात. दोन सुरांमधलं अंतर तुटक न टाकता ओढत नेणारी ती सोय बास गिटारसाठी दिलेली होती. भैरव वाजवणाऱ्या माणसाला ती मींडेसारखी दिसली, तर नवल काय?

मित्राच्या जुनोकडे परत येतो. या यंत्रांचे सहा सूर सहा स्वतंत्र चिपांमधून येतात. काळ्या राळेत बुडवलेल्या या चिपा वय झालं की गडबड करू लागतात. मग दर सहावा सूर खरखरतो किंवा गायब होतो. दुरुस्ती करणारे 'की ट्रान्सपोज' दाबून धरून यंत्र चालू करतात. त्याने आकड्याच्या खिडकीत कुठला सूर कितव्या चिपमधून येतोय ते दिसतं. मग चिप काढून अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायची, राळ सुटली की ती बऱ्याचदा पुन्हा गाऊ लागते. मित्राने हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, काचेच्या लोणच्याच्या बरणीत केलं. वर नाण्याएवढी बॅटरीही बदलली, जिच्यावर ते १२८ आवाज जिवंत असतात. बदलायच्या आधी ते उतरवून घ्यायला विसरला.

जुन्या मालकाने दिलेली एक कॅसेट होती. ती काढली, तर फितीवर पावसाळ्याची पांढरी बुरशी. तरी लावून पाहिली. चिरचिर आली, मध्येच गिळली गेली, यंत्राने घेतलं नाही. त्या अठरा-अठरा बाइटांमध्ये कुणाच्या तरी दहा वर्षांच्या संध्याकाळी होत्या.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने 'मॅन्युअल' लिहिलेलं बटण दाबलं. ते दाबलं की यंत्र साठवलेलं सगळं बाजूला ठेवतं आणि पॅनेलवर जे आहे तेच ऐकवतं. फिल्टरचा स्लायडर तळाशी होता. त्याने डाव्या हाताने खर्जातली एक पट्टी धरली, काहीच ऐकू आलं नाही. उजव्या हाताने स्लायडर अर्धा सेंटीमीटर वर नेला. घोंगडीखालून एक सा आला.

"हं," तो म्हणाला, "आता विचार त्याला काय ते."